माळ्यावरची एकेचाळीस माणसं

भाऊसाहेबांच्या आवाजाबद्दल सांगायचं तर बारामतीच्या स्टँडवर ते शिंकले की इंदापूरची गाडी सुटायची. ड्रायव्हरला वाटायचं, कंडक्टरनं घंटी मारली. हे मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हणालो. त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “चारनं भागा, फ्लेक्सवाले. शेजारच्या बाकड्यावरचा माणूस दचकतो, इतकंच शाबीत होतं.”

माझ्या तोंडून निघालेल्या कुठल्याही आकड्याला ते चारनं भागायचे. दुकानात शंभर गिऱ्हाइकं आली म्हटलं की पंचवीस धरायचे. मला एकदा एकशे चार ताप होता, तेव्हासुद्धा त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला असणार. कारण “सव्वीस म्हणजे थंडच आहात की,” असं म्हणून त्यांनी मला प्रुफं तपासायला बसवलं.

तलाठ्याला आमच्याकडं भाऊसाहेब म्हणतात. हे इंदापूर तालुक्यात जन्मभर तलाठी होते आणि निवृत्त झाल्यावर बारामतीत लेकीकडं राहायला आले. माझं दुकान एमआयडीसीच्या रस्त्याला. वाढदिवसाचे फ्लेक्स, लग्नाचे फ्लेक्स, दहाव्याचे फ्लेक्स आणि जुन्या फोटोवरून नवे मोठे रंगीत फोटो, असा माझा धंदा. एका दुपारी हे गृहस्थ लाल कापडात बांधलेलं दप्तर काखेत मारून आत आले, खुर्ची रुमालानं झटकली आणि म्हणाले, “चरित्र टाइप करून मिळेल का?”

“कुणाचं?” मी विचारलं. आमच्याकडं चरित्र लिहवून घेणारा माणूस एक तर निवडणुकीला उभा असतो, नाहीतर साठीला आलेला असतो.

“एका चित्रकार बाईंचं.”

“नाव काय बाईंचं?”

“नाव एक मिळालंय. आडनावं तीन मिळालीत. शाबीत एकही नाही.”

मी दप्तर सोडलं. तीनशे पानं होती, फुलस्केप, दोन्ही बाजूंनी. पहिल्याच पानावर लिहिलं होतं : ‘चरित्रनायिका ही बाजाराच्या दिवशी इंदापूर मुक्कामी लिंबाच्या झाडाखाली बसत असे. चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस पत्र्याची पेटी. पश्चिमेस कुत्रे एक. उत्तरेस गिऱ्हाइकांची रांग. दक्षिणेस कोणी बसत नसे, कारण ऊन.’

जगात चरित्रं पुष्कळ लिहिली गेली असतील, पण नायिकेचा पंचनामा करणारं हे पहिलंच. प्रत्येक हकिकतीखाली सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव आणि अंगठा किंवा सही. ज्या हकिकतीला दोन पंच मिळाले नव्हते तिच्यापुढं हिरव्या शाईत फुली. हिरव्या शाईचंही एक दुखणं होतं. हिरव्या शाईनं सही करायची ती राजपत्रित साहेबानं, आणि तलाठी राजपत्रित नसतो. जन्मभर वरून आलेली हिरवी सही बघितली, म्हणून निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यांनी बाजारातून हिरव्या शाईची दौत आणली. “आता मला कोण विचारतं?” असं म्हणायचे आणि माझ्या प्रुफांवर हिरवं रान माजवायचे.

चहा बिनसाखरेचा घ्यायचे आणि खिशातल्या डबीतून गुळाचा खडा काढून त्याच्याबरोबर चघळायचे. मी विचारलं, “ही सवय कधीपासून?” तर म्हणाले, “फार लहानपणापासून. कशी लागली याला पुरावा नाही.”

आता बाईंचं सांगतो. ज्या काळात माणूस फोटो न काढताच मरून जायचा, त्या काळात ह्या बाई मेलेल्या माणसांना चेहरा द्यायच्या. घरच्यांना रांगेत बसवायचं, ह्याचं नाक बघायचं, तिचं कपाळ बघायचं, विचारायचं आणि कोळशानं काढत जायचं. इतकं हुबेहूब की पुढच्या पिढ्यांना तो फोटोच वाटायचा. रेघ चुकली की शिळ्या भाकरीच्या तुकड्यानं पुसायच्या, म्हणून पश्चिमेला कुत्रं. त्या कुत्र्यानं जन्मभर चुकलेली नाकं खाल्ली आणि ते मरताना आख्ख्या इंदापूर तालुक्यासारखं दिसत होतं, असं मी भाऊसाहेबांना सुचवलं. फुली बसली.

अडचण एकच होती. बाईंनी काढलेलं आहे असं सिद्ध होणारं एकही चित्र भाऊसाहेबांकडं नव्हतं. बाई कधीच वारल्या होत्या, मागं मूलबाळ नव्हतं आणि चित्रावर पुढून कुठं सही नव्हती.

म्हणून आम्ही माझ्या मोटरसायकलवरून शेळगावला गेलो. तिथं बाईंनी काढलेली चित्रं आहेत असं भाऊसाहेबांच्या कानावर आलं होतं. एका भावकीची समोरासमोर दोन घरं होती. आजा एकच, पण दोन्ही घरांच्या भिंतींवर त्याचे दोन फोटो, आणि दोन फोटोंत दोन वेगळी माणसं! तलाठी दारात बघून आधी दोन्ही घरांचे चेहरे पडले.

“मोजणी निघाली का काय भाऊसाहेब?” थोरल्या घरचे तात्या म्हणाले.

“जमिनीची नाही, नाकाची,” भाऊसाहेब म्हणाले.

तेवढं कळल्यावर तात्यांना जोर आला. “ह्यो आमचा आबा खरा. समोरच्यांच्या भितीवर कोण टांगलाय ते त्यांचं त्यांस्नी ठावं.”

समोरच्या ओट्यावरून आवाज आला, “त्यांच्या फोटूत नाक तरी हाय का बगा! मुळा हाय मुळा!”

“आन् तुमच्यात? चपटं बोंड!”

भाऊसाहेबांनी दोन्हीकडं स्टूल लावून दोन्ही आजोबा निरखले आणि वहीत लिहिलं : ‘मयत इसम एक. चेहरे दोन. दोन्ही घरे आपापल्या चेहऱ्याबद्दल ठाम. ओठाचा डावा कोपरा मात्र दोन्हीकडे सारखाच वर.’

तेव्हा थोरल्या घरातली आक्का बोलली. आक्का म्हणजे तात्यांची आई. वय मी दीडशे सांगणार होतो, पण भाऊसाहेब शेजारी होते. ती नवी सून होती तेव्हा तिच्यासमोर हे चित्र झालं होतं.

“दोनी घरं येगळी येगळी गेली वो बाईकडं. हेंनी आपली नाकं दिली, त्यांनी आपली,” आक्का म्हणाली. “बाईनं इच्यारलं, म्हातारं रागावल्यावर कसं दिसायचं? समदी येकदम बोलाय लागली. मग बाई म्हणली, आन् हसल्यावर? तर कुणी बोलंना. सासूबाई तेंची बायकू, पर तिलाबी सांगता येईना. बाईनं कोळसा परत उचलला. मग आपल्या मनानंच उलुसं हसू घातलं. म्हणली, कवातरी हसलंच असंल.”

भाऊसाहेबांचं पेन थांबलं होतं.

“आन् कुणाचं काय घेतलं ते माघारी लिवून ठिवायची. उसनं आणल्यावानी.”

“माघारी? म्हणजे पाठीला?” भाऊसाहेब स्टुलावर चढलेसुद्धा. “आक्का, फ्रेम खाली घेतो. पाठ बघतो आणि जशीच्या तशी लावतो.”

आक्काची काठी त्यांच्या गुडघ्यावर आली. “हात लावायचा न्हाय. दिवाळीला झाडताना बी आमी वरच्या वर पुसतो. भितीवरचं माणूस खाली घेत्यात ते येकदाच. बुडवायला.”

“खरं हाय,” समोरचं घर म्हणालं. त्या दोन घरांचं किती वर्षांनी एका गोष्टीवर एकमत झालं, ते मी सांगत नाही. उगाच भागाकार होईल.

पण ‘बुडवायला’ हा शब्द ऐकला आणि मी खिशातली गाडीची किल्ली चाचपली. त्याचं कारण आता सांगावंच लागेल.

लोक माझ्याकडं जुना फोटो आणायचे. ओल धरलेला, कसर लागलेला, काच तडकलेली. मी तो स्कॅन करायचो, गालाला लाली द्यायचो, केस काळे करायचो आणि चकचकीत नवा करून द्यायचो. मग प्रश्न यायचा, जुन्याचं काय करायचं? आजोबाला कचऱ्यात टाकवत नाही. घरी दोन ठेवले तर हार कुणाला घालायचा? म्हणून मी दुकानात पाटीच लावली : नवा फोटो करा, जुन्याचं कालव्यात विसर्जन आमच्याकडून, मनोभावे. लोक नारळ आणून द्यायचे, फोटोला नमस्कार करून डोळे पुसत जायचे. नारळ मी खायचो आणि फोटो माळ्यावर टाकायचो. बुडवायचा नव्हता असं नाही. पण कालव्याला पाणी असलं की मला वेळ नसायचा आणि मला वेळ असला की कालव्याला पाणी नसायचं. अशी पंधरा वर्षं गेली.

आणि त्यातल्या कितीतरी फोटोंचा ओठ डाव्या बाजूनं वर गेलेला असायचा. मला वाटायचं, जुना कॅमेरा, वाकडं आलंय. मी ते सरळ करायचो. फुकटात.

येताना हायवेवरच्या टपरीवर आम्ही चहाला थांबलो. ट्रकांची रांग गेली, ऐकू येण्यापुरती शांतता झाली, तेव्हा भाऊसाहेब एकदम म्हणाले, “माझी आई मी सहा महिन्यांचा असताना गेली. तिचा फोटो नव्हता. घरात होतं ते ह्या बाईंचं चित्र.”

मी कप खाली ठेवला.

“भाकरी खाताना मी समोर बसून तिच्या ओठाकडं बघायचो. ती हसणार होती. रोज वाटायचं, आज नाही तर उद्या हसेल. पुढं चित्र थोरल्या भावाकडं राहिलं. वहिनींनी कुठूनतरी नवा रंगीत फोटो करून आणला आणि जुना बुडवला. नव्यात आईच्या गालावर लाली आहे, फ्लेक्सवाले. आणि ओठ सरळ आहेत. आता ती हसणार नाही हे नक्की झालंय.”

“कुठल्या दुकानात केला?” हे मी कसं विचारलं ते माझं मला माहीत.

“वहिनी आता नाहीत. पुतण्याला आठवत नाही. ज्यानं केलं त्याच्यावर राग नाही, त्यानं त्याचं काम केलं. पण पुरावा बुडाला.” गुळाचा खडा त्यांनी तोंडात टाकला नाही, नुसता बोटांत फिरवत राहिले. “माझ्या आईला जिनं तोंड दिलं ती बाई मला कागदावर उभी करता येत नाही. आता पुस्तकात एवढंच लिहीन की अशी बाई होती असं ऐकिवात आहे. तीनशे पानांची अफवा.”

मी गाडीला किक मारली आणि घरापर्यंत एक शब्द बोललो नाही. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात लांब मौन.

त्यानंतर बत्तीस दिवस मला झोप नव्हती. चारनं भागा, आठ दिवस. बोलावं तर सगळा तालुका दारात उभा राहणार. ज्यांच्या आजोबांना मी मनोभावे बुडवलं होतं, ते आजोबा माझ्या माळ्यावर फ्लेक्सच्या तुकड्यांखाली पालथे पडलेत, हे कळल्यावर लोक माझंच विसर्जन करणार, आणि नेमकं तेव्हा कालव्याला पाणी असणार. न बोलावं तर समोर हा माणूस रोज येऊन बसायचा आणि एकेका पानावर हिरवी फुली मारायचा. तीनशेची दोनशे झाली, दोनशेची दीडशे. त्या बाई माझ्या डोळ्यांदेखत पुसल्या जात होत्या आणि ह्या वेळी खाली कुत्रंसुद्धा नव्हतं.

नवव्या दिवशी, भर दुपारी, मी शटर अर्धं ओढलं.

“भाऊसाहेब, त्या बाईंची चाळीस चित्रं माझ्या माळ्यावर आहेत.”

“दहा,” ते मान वर न करता म्हणाले.

“चाळीस. लोकांनी बुडवायला दिलेली. मी बुडवली नाहीत.”

“बरं, दहा.”

“अहो, वर चला आणि मोजा!” मी ओरडलो. ती गर्जना भिगवणपर्यंत गेली असणार.

पंच्याहत्तरीचा माणूस लोखंडी शिडीनं माळ्यावर चढला. खाली मी शिडी धरून उभा. वर काचा एकमेकींवर घासल्याचा आवाज, मग धूळ, मग काहीच नाही. मी ज्या आवाजाची एवढी बदनामी केली तो आवाज त्या दिवशी इतका हळू आला की मला कान लावावा लागला.

“एकेचाळीस.”

जन्मात पहिल्यांदा माझा आकडा कमी भरला होता. एकेचाळिसावी फ्रेम त्यांनी छातीशी धरली होती. खाली उतरायला त्यांना एक हात लागत होता, पण त्यांनी फ्रेम माझ्याकडं दिली नाही. तसेच उतरले.

मी पकड आणली. पाठीचे गंजके खिळे काढले, खाकी कागद सोडवला. आत बारीक, उभ्या अक्षरांत शाईनं लिहिलेलं होतं. भाऊसाहेब चष्मा पुसून जाबजबाब वाचावा तसे वाचायला लागले :

‘कपाळ : मावशीचे. केस : सांगण्यावरून. नाक व ओठ : धाकट्या मुलावरून, वय चार. वडील म्हणतात, आईवर गेला आहे. मुलगा फार हलतो. गूळ दिला, मग बसला.’

खाली बाईंचं पूर्ण नाव आणि गाव. आडनाव चौथंच निघालं.

ते शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. बराच वेळ त्यांनी आईला मांडीवर आडवं धरलं होतं.

“सगळे म्हणायचे मी आईवर गेलो,” ते म्हणाले. “ती माझ्यावर गेली होती.”

मग खिशातून डबी काढली, गुळाचा खडा दातांनी फोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. मी माफी मागायला तोंड उघडणार, तोच म्हणाले, “पंच दोन लागतील. एक तुम्ही.”

माफीचं काम असं पंचनाम्यातच उरकलं.

पण सुटका नव्हती. पुस्तकात चित्रं कुठं सापडली ते लिहायचं, आणि एकेचाळीस घरांना पत्रं टाकायची, असं त्यांनी ठरवलं. मी पाया पडलो. “अज्ञात ठिकाणी सापडली असं लिहा ना, भाऊसाहेब.”

“अज्ञात ठिकाणाला चतुःसीमा नसते,” ते म्हणाले.

पत्रं गेली. लोक यायच्या दिवशी मी मोटरसायकल तोंड रस्त्याकडं करून, किल्ली लावून उभी केली होती. पहिला आला तो पैलवान गडी. दारातच म्हणाला, “म्हंजी आमचा आजा कालव्यात न्हवता? तुझ्या माळ्यावर हुता?”

“व्हय.”

“कोरडा हाय न्हवं?”

“कोरडाय.”

“मग दे हिकडं.”

त्यानं फ्रेम उलटी केली, मागचं वाचलं आणि तिथंच बायकोला फोन लावला. “अगं, आबाचं कपाळ आपल्या काशीआत्याचं हाय! लिवलंय हितं!” फोनवर काय झालं कुणास ठाऊक, पण तो गडी शटरला टेकून रडला. नंतर सगळ्यांचं तेच. कुणाची हनुवटी कुणाची, कुणाच्या भुवया कुणाकडून उसन्या. दुकानात अशी दाटी झाली की माणसं आरशात आपलंच नाक चाचपून बघत होती. शिव्या मला मिळाल्या, नाही असं नाही. पण प्रत्येकानं जाताना भाऊसाहेबांच्या वहीत सही केली. त्या दिवशी बाईंना ब्याऐंशी पंच मिळाले, घरटी दोन. हा आकडा भागायचा नाही, वही माझ्याकडं आहे.

शेळगावच्या आक्कानंही निरोप धाडला : खाली घेणार न्हाय, पर भितीपासनं वीतभर पुढं वडून माघारी आरसा धरा. दोन्ही घरांत धरला. भाऊसाहेबांनी आरशातली उलटी अक्षरं सुलटी करून दोन्ही घरांना वाचून दाखवली. भांडण मिटलं नाही. पण दोन्ही नाकं उसनी निघाल्यावर ते आता एकाच आजोबावरून चालतं, एवढी प्रगती आहे.

पुस्तक निघालं ते चौऱ्याऐंशी पानांचं. बाकी सगळं हिरव्या शाईत गेलं. पण राहिलेलं एकेक वाक्य बांधावरच्या दगडासारखं रोवलेलं आहे. कुणी हलवून दाखवावं. शोध कुठं लागला ह्या सदराखाली माझं दुकान चतुःसीमेसकट छापलंय. वाचून लोक आजही येतात आणि मी चहा पाजतो. आपलं नाव कशात छापून यावं याबद्दल माझ्या वेगळ्या कल्पना होत्या, पण एवढं खरं नाव माझं दुसरीकडं कुठं छापलेलं नाही.

आणि तेव्हापासून मी कुणाचा ओठ सरळ केलेला नाही. गिऱ्हाईक म्हणतं, “जरा नीट करा की.” मी म्हणतो, नीटच आहे.

गेल्या वर्षी भाऊसाहेब गेले. त्यांची लेक फोटो मोठा करायला माझ्याकडंच आली. ओळखपत्रावरचा फोटो, नखाएवढा. मी तो स्क्रीनवर मोठा केला, आणखी मोठा केला. ओठाचा डावा कोपरा किंचित वर होता. इतकी वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसला आणि मी त्याचा आवाजच ऐकत राहिलो. लाली दिली नाही. केस पांढरे ठेवले. फ्रेम केली, खिळे ठोकायच्या आधी पाठीला खाकी कागद लावला. त्यांची हिरवी दौत माझ्याच टेबलावर राहिली होती. तळाशी थोडी शाई होती, तेवढीच पुरली :

‘कपाळ, नाक, ओठ : सर्व स्वतःचे. कोणाचे उसने घेतलेले नाही. काहीही सरळ केलेले नाही. या मजकुरास चारने भागू नये. – पंच क्रमांक एक.’